सांध्याशेजारची चीर

सयाजी वेल्डरला आपल्या हातच्या सांध्याचा भारी ताठा. "माजा सांधा सुटला तर मिशी उतरवीन," असं तो तासगावात कुणालाही ऐकवायचा, आणि मिशी अजून जागेवर होती.

खंडेनवमीला सृष्टी गाडी पुजायला घेऊन आली. अपघातात तिचा पाय अधू झाला, तेव्हा सयाजीनंच तिच्या स्कूटरला पाइपांची चौकट घालून मागं दोन जादा चाकं बसवली होती. त्यावरच ती रोज मिरजेला दवाखान्यात कामाला जाई. आज आईला मागं बसवून म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला निघायचं होतं.

सयाजीच्या आईनं, अंबूबाईनं, चौकटीला ओलं कुंकू लावलं. ते ओघळलं, म्हणून सयाजीनं फडकं फिरवलं. सगळं कुंकू निघालं, पण सांध्याशेजारी पाइपावर केसाएवढी लाल रेघ राहिली. पुन्हा पुसली, तरी जाईना.

सयाजीनं रेघेवरून नख फिरवलं, तर ते चिरेत अडकलं. महिन्यामागं इथंच तडा गेला होता. रस्त्यांना शिव्या घालून त्यानं वरून वेल्डिंगचा थर चढवला आणि रंग फासला. तडा का गेला, हे त्याला बघायचंच नव्हतं. मजबुतीसाठी त्यानं मुळात चौकट करतानाच पाइपाला चहूबाजूंनी जाड पट्टी जोडली होती. तिथं पाइप लवेना, मग प्रत्येक खड्ड्याचा मार पट्टीच्या कडेला बसत राहिला.

"गाडी न्यायची न्हाई, पोरी. पाइप चिरलाय. चूक माजी हाय."

"मग आत्ता दुरुस्त करा ना, काका."

"आज हत्यारं पुजल्यात," अंबूबाई म्हणाली. "उद्यापातुर हात लावायचा न्हाई."

"देव समजून घील, आये. पाइप न्हाई समजून घ्यायचा."

त्यानं ग्राइंडरवरची फुलं बाजूला ठेवली. चिरलेला भाग कापून, आतून नळी सरकवून तिरका सांधा घ्यायचा बेत होता. पण गाडी जॅकवर चढवताच पाइप कट्कन मोडला. सांधा शाबूत होता, आणि त्या शाबूत सांध्याची त्याला लाज वाटली.

सृष्टीनं मोडलेल्या पाइपावरच्या सीटवर हात ठेवला. "आई इथंच बसणार होती." मग तिनं विचारलं, "अशा किती गाड्या केल्यात तुम्ही?"

"आनकी सात. समद्यास्नी हीच पट्टी."

त्यानं त्या गाडीवाल्यांना फोन लावायला घेतले. पहिला कुणी उचलला नाही. दुसरा एका बाईनं उचलला.

"फोन घरातच इसरलेत ते," ती म्हणाली. "गाडी पुजली आन् पोरास्नी घिऊन मगाशीच भाईर पडले."