पारोळ्याचा काटा

आकाशात शेठ आणि शेतकरी असा भेद नसतो, असं जवरीलालशेठनी पारोळ्याच्या आपल्या धान्याच्या दुकानात जाहीर केलं, आणि पुढच्या सीटवर कोण बसणार तेही लगेच सांगून टाकलं. ते स्वतः.

त्यांचा मुलगा, नाव तरुण, वैमानिक झाला होता. लायसन्स हातात आल्यावर धुळ्याच्या धावपट्टीवरून चार सीटचं विमान तासाभरासाठी भाड्याने घ्यायचं त्याने ठरवलं. शेठ, शेठाणी धापूबाई, आणि उरलेल्या जागेवर रुपचंदआबा. आबा शेतकरी, वर्षानुवर्षं शेठकडेच ज्वारी घालत आलेले. शिवाय आबा एकदा विमानात बसले की सगळ्या बाजाराला सांगतील, हे शेठनी धरलेलंच होतं.

तरुणने फोनवर तिघांची वजनं मागितली. छोट्या विमानात किती इंधन भरायचं, ते त्यावरच ठरतं.

"वजनाचं तू मला शिकवतो?" शेठ म्हणाले, आणि तिघं दुकानाच्या काट्यावर उभे राहिले. धापूबाई इतक्या कमी भरल्या की पर्युषणातल्या उपासांचा महिमा त्यांनी गल्लीभर सांगितला. आबांना मात्र आपल्याला काही दुखणं तर लागलं नाही ना, अशी शंका आली. तरुणने त्या आकड्यांवर गणित मांडलं. इंधन धरून काठोकाठ बसलं.

धुळ्याला विमान ताब्यात देणाऱ्या नूतन मॅडमनी मात्र हँगरमधला काटा पुढे सरकवला. "एकेक जण या."

"वजनं झालीत," शेठ म्हणाले.

"माझ्यासमोर नाही झाली."

धापूबाई चढल्या आणि त्यांचे सगळे उपास वाया गेले. शेठ चढले. त्यांचंही वजन पारोळ्याहून धुळ्याला येईतो वाढलं होतं. मग आबा. पाच किलो जास्त. आबा खाली उतरले, टोपी काढून बाजूला ठेवली, पुन्हा चढले. आकडा तोच.

"इथली हवा दमट आहे," शेठ म्हणाले. "काट्यात ओल धरली असेल."

बाहेर वाऱ्याने धूळ उडत होती.

"आधीची वजनं कुठं केली होती?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या दुकानात," धापूबाईंनी अभिमानाने सांगितलं.

आबा टोपी हातात धरून शेठकडे बघत होते. शेठ विमानाच्या पंख्याकडे बघत होते.

"तरुण, विमान तुम्ही उडवणार," मॅडम म्हणाल्या. "कुठला काटा खरा धरू? तुमचा धरला तर चौघं जा. हा धरला तर एक जण उतरवा."

शेठनी मुलाकडे पाहिलं. इतक्या आर्जवाने त्यांनी आजवर गिऱ्हाईकाकडेसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि आपल्या शिक्षणाची फी कुठल्या काट्यावरून आली, हे तरुणला तिथं उभ्याउभ्या समजलं. त्याचे कान तापले. आबांकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"मॅडम, तुमचा बरोबर आहे," तो स्वतःच्या बुटांना म्हणाला.

मग वडिलांकडे वळला. "पप्पा..."

"मी थांबतो," शेठ घाईघाईने म्हणाले. "मला तसंही वर गरगरतं. आबा, तुम्ही पुढं बसा."

विमान गेलं. शेठ हँगरच्या सावलीत उभे राहिले. बसायला दुसरं काही नव्हतं, काटा तेवढा होता. त्यावर ते बसले नाहीत.

विमान परत टेकलं तेव्हा आबांचा चेहरा फुलला होता. ते सरळ शेठकडे आले आणि त्यांनी शेठच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेठ, बठ्ठं गाव दिखनं. तुम्हनं दुकानबी दिखनं. तुम्हना पोऱ्या भारी शे."

"हो," शेठ जमिनीकडे बघत म्हणाले.

"फक्त एक इचारानं व्हतं." आबांनी टोपी नीट बसवली आणि हँगरमधल्या काट्याकडे बोट दाखवलं. "पुढला महिनाम्हा तुम्हना दुकानवर ज्वारी लई येसु. तवय या बाईकडथून हाऊ काटा एक दिनपुरता मांगी लेशात का?"