शेळी याली का?

दहिवडीच्या एसटीडी बूथपुढं अमावास्येला पाय ठेवायला जागा नसायची. दादासो महाराज सांगलीहून जीपनं यायचे, फोनला हळदकुंकू वाहायचे आणि आपल्याच मठाचा नंबर लावायचे. पलीकडून उचलला की दोन आकडे दाबायचे. तो म्हणे बीजमंत्र. मग मुंबईत ट्रकखाली गेलेला अर्जुना आपल्या आईशी बोलायचा, "आये, शेळी याली का?... बरं, ठेवू का?"

त्याची आई धोंडुबाई रडायची आणि महाराज अर्थ सांगायचे. गेल्या खेपेला अर्थ निघाला तो असा, की अर्जुनाच्या विधवेला, सोनियाला, मठात सेवेला धाडा. शेळीच्या बाळंतपणाच्या चौकशीतून हे कसं निघालं, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. सोनियाचं बोचकं मात्र बांधून झालं.

आज मंत्र दाबून दाबून बोट दुखलं तरी पलीकडं सगळं गप्प.

"बघा," महाराज म्हणाले, "या पोरीची सावली पडली अन् कैलासाची लाईन तुटली. आजच न्यायला हवी हिला."

"न्या," धोंडुबाई म्हणाली. सुनेकडं तिनं बघितलंसुद्धा नाही, आणि तेच सोनियाला जिव्हारी लागलं.

पण तीही गप्प बसली नव्हती. मागच्या अमावास्येला तिनं रिसीव्हरला कान लावला होता. नवऱ्याच्या आवाजाआधी 'पीं' वाजलं. हा आवाज तिनं डॉक्टर उमाताईंच्या घरी ऐकला होता. मुंबईकरांचे फोन सगळ्या आळीला तिथंच यायचे. तिनं उमाताईंना बोलावलं होतं, आणि त्या गर्दीतून वाट काढत पुढं आल्या.

त्यांनी फोन उलटा केला. "बूथवाल्यानं नवा फोन आणलाय. खालचं बटण 'पल्स'वर राहिलंय. असा फोन नुसता टकटकतो, पलीकडच्या यंत्राला तुमचा मंत्र कळतच नाही." बटण 'टोन'वर सरकवून त्यांनी तोच नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि तेच आकडे दाबले.

पीं. "आये, शेळी याली का?... बरं, ठेवू का?"

पुन्हा लावला. तेच शब्द, मधला खोकलाही तोच.

"पलीकडं वाजतंय ते माझं आन्सरिंग मशीन," उमाताई म्हणाल्या. "घरी कुणी नसलं की बोलणं टेपवर घेतं, खुणेचे आकडे दाबले की लांबूनही ऐकवतं. हयातीत अर्जुनानं फोन केला तेव्हा त्याला वाटलं आईच ऐकतेय, म्हणून तो उत्तराची वाट बघत थांबला. बिघडलं तेव्हा सांगलीला दुरुस्तीला दिलं. दुरुस्तीवाला यांचा शिष्य. मशीन परत आलंच नाही."

महाराज कधी जीपमध्ये चढले ते कळलंच नाही.

सोनिया सासूपुढं बसली. "आत्याबाई, शेळी त्ये हायात असतानाच याली. मीच त्यास्नी सांगितलं व्हतं. मेल्यावर समदं दिसतं म्हनता, मग त्ये आजून का इचारत्यात? मला घालवायच्या आदी येवढं तरी डोक्यात यायला पायजे व्हतं."

एवढ्या गावात हा प्रश्न एकाही शहाण्याला सुचला नव्हता.

धोंडुबाईनं रिसीव्हरवरून हात फिरवला. मग उमाताईंना म्हणाली, "आनखी एकदा लावा की."

सोनियानं बोचकं उचललं आणि माहेरच्या एसटीकडं चालू लागली.