पट्टीखालचा रेशमी तुकडा

मित्रांनो, मी रेशमाचा एक जुना तुकडा आहे. जुना म्हणजे जवळजवळ नाहीसा झालेला. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे का, याची मला खात्री नाही. तरी एका कार्डापासून सुरुवात करतो.

हदगावच्या अंबिकाबाईंना फोनवर ऐकू येत नाही. म्हणून त्यांनी जळकोटला धाकट्या बहिणीला, धोंडाबाईला, लिहिले होते: 'टाचेची जखम कशी आहे ते कळव. नाहीतर मीच येते.' धोंडाबाईने उत्तर दिले नाही. शिक्षा मला झाली.

अहमदपूरकडचे रेशमाचे कोश नांदेडच्या प्रयोगशाळेत उकळले, विरघळवले, गोठवले, सुकवले. बर्फ उडून गेला तिथे बारीक छिद्रे राहिली. असा मी जन्मलो. शरीराच्या पेशींनी त्या छिद्रांत घर करायचे, जखम भरायची आणि मी विरून जायचे, एवढेच माझे काम. मात्र मला कोणी हलवू नये.

साखरेच्या आजाराने धोंडाबाईची जखम भरत नव्हती. लातूरला डॉक्टर वर्षाराणींनी माझे दोन भाग केले. एक टाचेवर बसवला, दुसरा पाकिटात ठेवला. "पट्टी आम्हीच सोडू," त्यांनी बजावले. पण आमच्याकडे जखम पाहिल्याशिवाय विचारपूस पुरी होते का? जो येई तो पट्टीचा कोपरा उचलून पाही. पेशी रुजू लागत, पुन्हा उपटल्या जात. मी नुसता चरफडत होतो. शेवटी अंबिकाबाई आल्या.

"डॉक्टर सोडू नका म्हणलेत, अक्का."

"डॉक्टर काय तुझी सख्खी बहीण हाय का? एवढ्या लांबून आले मी. दाखव!"

पट्टी निघाली. तिला चिकटून टाचेवरचा माझा भागही गेला.

"आता हा शेवटचा," पाकीट फोडताना वर्षाराणी चिडून म्हणाल्या. "हाही गेला तर पाय कापावा लागेल, मावशी."

मी भीतभीतच बसलो. दुसऱ्याच दिवशी शेजारचे किशनराव हजर!

"बघू की वहिनी, कसं काय हाय."

धोंडाबाईने पायावर गोधडी ओढली. "तोंड बघा माझं, अन् चहा पिऊन जावा."

किशनराव चहा न घेताच रुसून गेले. गोधडी हलली नाही.

पेशी आल्या, राहिल्या. मी विरत गेलो. कौतुक मात्र गोळ्यांचे आणि कुणाच्या तरी नवसाचे झाले. असो. आजाऱ्याला भेटायला जरूर जा, मित्रांनो. पट्टीला तेवढा हात लावू नका.

काल धोंडाबाईने कार्ड लिहिले: 'अक्का, पाय बरा आहे. आता खुशाल ये. सोडायला पट्टीच राहिली नाही.' ते टाकायला ती स्वतः पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेली. प्रत्येक पावलाला तिचा सगळा भार माझ्या जागेवर पडत होता.