आजोबांचं एक बटण

"सर, म्हातारी माणसं लवकर गेली तर तुमच्या खात्याचे किती पैसे वाचतात?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेला नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. शाळेत आरोग्य खात्याचे साहेब भाषणाला आले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे वटारले. साहेब मात्र शांत.

"बाळ, म्हातारे दुप्पट झालेत, पैसा तेवढाच. म्हणून ज्यांना गरज कमी, त्यांची सेवा आधी थांबवतो."

मी पैज जिंकले. आणि खाली बसताना आजोबांची तपासणी आठवली.

माझे आजोबा शिंपी. गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. सरकारी दवाखान्यातली ताई आठवड्यातून तीनदा घरी येऊन हाताचा व्यायाम करून घ्यायची. मग तपासणीचं पत्र आलं. आमच्या घरात तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत पास व्हायचंच! बाबांनी त्यांची गुळगुळीत दाढी केली, आईने शर्टाला कडक इस्त्री. मी तर शिकवणीच घेतली: महिनाभर, डाव्या हाताने, एकच बटण. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली होती. तपासणीच्या दिवशी दीड.

"काही त्रास, आजोबा?" तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

"छे! ठणठणीत!"

बाईंनी कागदावर खूण केली. येताना आम्ही आइस्क्रीम खाल्लं.

पुढच्या आठवड्यात ताई यायची थांबली. "सरकारी घोळ, दुसरं काय," बाबा म्हणाले. आता आजोबांची बोटं मिटत चाललीत.

भाषण संपल्यावर मी साहेबांना गाठलंच. ते म्हणाले, फेरतपासणी मागता येते, पण पहिल्या तपासणीपासून महिन्याच्या आत. आमचे चार दिवस उरले होते.

घरी हे सांगितलं तर बाबा भडकले. "म्हणजे आता नापास व्हायला न्यायचं? चारचौघांत माझ्या बापाची शोभा करू?"

"चौथीनंतर पहिल्यांदाच पास झालो होतो गं," आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले.

आई पुटपुटली, "निदान शर्ट तरी इस्त्रीचा..."

"नाही," मी म्हणाले. "सोमवारी शाळा बुडवून मीच त्यांना नेणार. दाढी नाही, इस्त्री नाही. ते बटणाशी झटतील आणि मी शेजारी हाताची घडी घालून बसेन, अर्धा तास लागला तरी. तुम्ही दोघं घरीच थांबा. तुमच्याने बघवणार नाही."