वाघ आणि ससा यांच्यामधली रेघ

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात रुतणारा नव्हे, गोल गोल फिरणारा. बांबूची एक कांब तासून मला घडवलं, पोटात भोक पाडलं आणि खिळ्यावर बसवलं. तेव्हापासून माझा जीव कधी थाऱ्यावर नाही. झुळूक आली तरी मी हलतो. गाड्याचं चाक खड्ड्यात गेलं की गरकन फिरतो. गाडा बंद करताना मालक मला सुतळीने बांधून ठेवत, तेव्हा मी सुतळीतही थरथरत असे.

माझ्याखाली लाकडाची तबकडी आहे आणि तिच्या कडेने बारा प्राणी रंगवलेले आहेत. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन असे करत करत शेवटी डुक्कर. आमच्या सिचुआनमध्ये प्रत्येक वर्ष या बारांतल्या एका प्राण्याचं असतं आणि जो ज्या प्राण्याच्या वर्षी जन्मतो, तो जन्मभर तोच प्राणी असतो. इथे कुणाला डुक्कर म्हटलं तर तो भांडायला उठत नाही, उलट खूश होतो. डुक्कर म्हणजे भरलेलं घर आणि भरलेलं पोट.

माझे मालक तान देगुई नदीकाठच्या चहाच्या दुकानापुढे गाडा लावत. मुलं मला फिरवत आणि मी जिथे थांबेन तो प्राणी तान काका साखरेच्या गरम पाकाने संगमरवरी लादीवर काढत. डावातून पाकाची धार सुटायची आणि बघता बघता शेपूट, कान, आयाळ तयार व्हायची. मग त्यावर काडी चिकटवून ते चित्र मुलाच्या हातात देत.

सगळ्यांना ड्रॅगनच हवा असे. उंदीर आला की भोकाड पसरायचं.

"रडतोस काय येड्या?" तान काका म्हणायचे. "गोष्टीतल्या बारा प्राण्यांच्या शर्यतीत पहिला कोण आला? बैलाच्या पाठीवर बसून उंदीरच आला ना? ड्रॅगन बसला मागे शेपूट हलवत."

"काका, पुन्हा फिरवू?"

"एकदा म्हणजे एकदा. काट्याला दोनदा विचारायचं नाही."

हा आमच्या गाड्याचा रिवाज होता. दुसराही एक होता. मी दोन प्राण्यांमधल्या रेघेवर थांबलो, तर ज्याने फिरवलं त्याने दोघांतला एक निवडायचा. मला खरं सांगाल तर थांबणं कधीच आवडलं नाही. मी फिरत असतो तोवर प्रत्येक पोराच्या डोळ्यांत ड्रॅगन असतो. थांबलो की कुणीतरी हिरमुसतं, आणि मला वाटतं की हे माझ्यामुळे झालं.

शेजारी पेंग मावशी मऊ टोफूवर लाल तिखट तेल घालून विकत. त्यांची जीभ त्या तेलाहून तिखट होती, पण स्वतःला त्या फार गरीब समजत. "आम्ही बकऱ्या," त्या म्हणत. "कुणी नुसते डोळे वटारले तरी आमचे पाय लटपटतात." त्यांचा मुलगा शूलिन डुक्कर, आणि तान काकांची मुलगी चिउयान ससा. शूलिन आणि चिउयान यांचं लग्न ठरलं होतं. बकरी, ससा आणि डुक्कर यांचं जन्माचं गूळपीठ असतं अशी आमच्याकडे समजूत आहे, त्यामुळे मावशींना आकाश ठेंगणं झालं होतं. चिउयानला त्या लाडाने ससुली म्हणत.

एकदा एक दारुडा दोन वाट्या टोफू खाऊन "यात खडा निघाला" म्हणत मावशींच्या भांड्याला लाथ मारायला धावला. चिउयान पाकाचा गरम डाव घेऊन त्याच्या मागे लागली. तो एक चप्पल तिथेच टाकून पळाला. मावशी पोट धरून हसल्या. "ससुली कसली, वाघीण आहे ही!"

तान काका मात्र हसले नाहीत. त्यांचा डाव घसरला आणि लादीवरच्या घोड्याला पाचवा पाय फुटला. मला तेव्हा काही कळलं नाही.

मग वाघाचं वर्ष लागलं. रस्ताभर फटाक्यांच्या लाल कागदांचा सडा पडला होता. लग्न कंदिलांच्या सणानंतर व्हायचं होतं. चिउयान मावशींच्या वाट्या विसळायला बसली होती. पाणी सांडलं म्हणून तिने विजार वर खोचली आणि मावशींची नजर तिच्या घोट्यावर गेली. तिथे लाल दोरा होता.

आमच्याकडे ज्याचं वर्ष असतं, त्यालाच ते जड जातं. म्हणून तो वर्षभर अंगावर काहीतरी लाल बाळगतो. वाघाच्या वर्षी वाघाने बांधायचं. सशाची पाळी पुढच्या वर्षी.

"ससुले, एवढी घाई गं कसली?" मावशींनी विचारलं.

"मला काय ठाऊक? बाबांनी बांधला. म्हणाले, काढू नकोस."

मावशी वळल्या. तान काकांच्या डावातला पाक जळून काळा झाला होता, पण ते नुसते उभे होते.

"तानभाऊ, ही नक्की कोण आहे?"

ते खोटं बोलू शकले असते. पण वर्षाची भीती त्यांना लग्न मोडण्याच्या भीतीहून मोठी वाटली होती. तोंडाने लपवलेलं त्यांनी दोऱ्याने सांगून टाकलं होतं.

"वाघाच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला झाली," ते म्हणाले. "फटाके वाजायच्या आधी. हिची आई म्हणाली, वाघ मुलीला कोण सून करून घेईल? म्हणून सशाचं वर्ष उजाडेपर्यंत गप्प बसलो आणि मग मुलगी झाल्याची लाल अंडी वाटली. वहिनी, थोड्याशा वेळाचाच फरक हो."

"थोडासा?" मावशी किंचाळल्या. "वाघाच्या तोंडात बकरी देताय आणि वर थोडासा म्हणताय?"

चिउयान तशीच बसून राहिली. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

मावशींनी आपला गाडा रस्त्याच्या पलीकडे नेला. शूलिन तिथून समजूत घालायचा आणि मला सगळं ऐकू यायचं.

"आई, वाघाचं आणि डुकराचं जमतं म्हणतात."

"तुझं जमेल रे! मला खाल्लं तर तू शेजारी बसून ढेकर देशील."

ते दिवस फार वाईट गेले. तान काकांचे सगळे प्राणी तेव्हा सारखेच उदास दिसत. चिउयान मला पुसताना थांबायची आणि वाघावर बोट ठेवून बघत राहायची. मला स्वस्थ राहवत नव्हतं, पण बिचारा काटा काय करणार?

कंदिलांच्या सणाच्या सकाळी मावशी पदर खोचल्यासारख्या बाह्या सावरत आल्या. मागून शूलिन आला.

"काट्याला विचारते," त्या म्हणाल्या. "बकरीशी जमणारा प्राणी आला तर लग्न. नाही आला तर नाही. मग कुणी मला बोल लावायचा नाही."

"मावशी, माझं लग्न आहे ते, साखरेचा कोंबडा नाही," चिउयान म्हणाली. पण मावशींनी टिचकी मारली होती.

मित्रांनो, मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही. मला सशावर थांबायचं होतं, पण थांबणं माझ्या हातात कधी नव्हतंच. घोडा गेला. बकरी गेली. माकड, कोंबडा, कुत्रा गेले. डुक्कर आला तेव्हा शूलिनने श्वास रोखला, पण मी पुढे सरकलो. उंदीर, बैल. वाघावर मी अगदी मंद झालो. आणखी जरासा हललो आणि थांबलो.

वाघ आणि ससा यांच्यामधल्या रेघेवर.

"पुन्हा फिरवते," मावशी घाईने म्हणाल्या.

तान काकांचे डोळे भरले होते. पुन्हा फिरवलं असतं तर कदाचित डुक्कर आला असता. पण त्यांनी मान हलवली. "नाही वहिनी. एकदा लबाडी केली तेवढी पुरे. रेघेवर आलाय. तुम्ही निवडा. काय काढू?"

मावशींनी तबकडीवरून हात मागे घेतला. बोल लावायला आता काटाही उरला नव्हता.

"ससा म्हणू नका मावशी," चिउयान म्हणाली. "जन्मभर दर वाढदिवसाला ससा खाल्लाय मी. आता मी वाघ आहे. तुम्हाला मी काय खाणार? पण तुमच्यावर कुणी हात उगारला, तर त्याला मी सोडायची नाही. ससा असताना तरी कुठे सोडलं होतं?"

मावशींनी रस्त्याकडे पाहिलं. तो दारुडा तिथूनच एक चप्पल टाकून पळाला होता. मग त्यांनी नाक ओढलं.

"वाघ काढा, तानभाऊ. दात नीट काढा, कंजूषपणा नको."

तान काकांनी काढलेला तो सर्वांत सुंदर वाघ होता. मावशींनी तो हातात घेतला, उजेडात धरून नीट पाहिला आणि त्याचं डोकं कडाकड चावून खाल्लं.

"झालं!" त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या. "बकरीनं वाघ खाल्ला. आता कुणी कुणाला घाबरायचं नाही." उरलेला वाघ त्यांनी चिउयानच्या हातात दिला. "धर, वाघिणी. वाट्या तशाच पडल्यात."

मी त्या दिवशी वाऱ्यावाचून फिरलो असेन, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर पाच वर्षांनी बकरीचं वर्ष आलं. मावशींना ते जड जाऊ नये म्हणून त्यांच्या घोट्याला लाल दोरा बांधला तो चिउयाननेच. आता तान काका नाहीत. गाडा चिउयान चालवते. तबकडीवर प्लास्टिकचा नवा काटा आहे आणि मी खणात काड्यांच्या जुडीशेजारी पडून असतो. माझ्या पोटाला चीर गेली आहे, ओल लागून एक बाजू काळी पडली आहे. खण उघडला की मी अजून हलतो.

मित्रांनो, कधी सवड झाली तर मला उन्हात ठेवा, तेलाचं एखादं बोट लावा आणि खिळ्यावर बसवा. मग हवं तितकं जोरात फिरवा. ड्रॅगन मागा, नाही आला तर रडा. पण साखरेचा प्राणी कोणता एवढंच मला विचारा. माणूस कसा आहे, ते त्या माणसालाच विचारा.