अण्णांची शंभर पावलं

शुगर लँडच्या घरामागचं लॉन म्हणजे प्रतापचा जीव की प्राण. ऑइल कंपनीतली नोकरी गेली, सांता क्लाराला दुसरी मिळाली आणि घर विकायला काढलं, नेमक्या त्याच आठवड्यात, शहाऐंशी सालच्या मे महिन्यात, लॉनमध्ये मोल शिरला. मोल म्हणजे आपल्या घुशीचा आंधळा चुलतभाऊच म्हणा ना. वर कधी दिसायचा नाही, पण जमिनीखालून पोखरत जाणार आणि त्याच्या वाटेवर गवताचा लांबलचक वरंबा उठणार.

"घर बघायला लोक येणार आणि हे असं! काय मुहूर्त शोधलाय बघ," प्रताप कपाळाला हात लावून म्हणाला.

हार्डवेअर स्टोअरमधल्या म्हाताऱ्याने उपाय सांगितला. संध्याकाळी वरंबा पायाने दाबून टाका; सकाळी पुन्हा उठला तर ती त्याची रोजची वाट, तिथेच सापळा लावा. प्रताप पॅकिंगमध्ये बुडालेला, त्यामुळे दाबायचं काम अर्थातच बायकोच्या, सुलेखाच्या गळ्यात पडलं.

जेवणं आटोपून, चांगला उजेड असतानाच ती मागच्या पायरीवरून उतरली. वरंबा पायरीपासून निघाला होता, पिकॅनच्या झाडाला वळसा घालून परत पायरीशी आला होता. उगीच चाळा म्हणून मोजत ती दाबत गेली. बरोब्बर शंभर पावलं. सकाळी वरंबा जिथल्या तिथे हजर. संध्याकाळी पुन्हा शंभर. तिसऱ्या दिवशी मात्र तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ डोळे भरून आले.

ही तर अण्णांची शतपावली! सासरे गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून आले होते. रोज जेवण झालं की मोठ्याने मोजत याच वाटेने, त्याच झाडाला वळसा घालून फिरायचे. आधी स्वयंपाकघरात डोकावून म्हणायचे, "सूनबाई, भांडी काय पळून जातायत? चल, शंभर पावलं." आणि ती रोज म्हणायची, "उद्या येते, अण्णा." एका सकाळी अण्णा उठलेच नाहीत. या घरात 'तू जेवलीस का' असं तिला विचारणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि त्याला दिलेला तो 'उद्या' तिच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला होता.

शनिवारी प्रतापने अणकुचीदार दातांचा सापळा आणला.

"प्रताप, नको ना लावू."

"कमाल आहे यार तुझी! मोल आहे तो, पाहुणा नाही."

काय सांगणार त्याला? सांगितलं असतं तर हसला असता. सापळा लागला. सुलेखाचा रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी बघते तर सापळा तसाच आ वासून, आणि वरंबा त्याला अलगद बगल देऊन पुन्हा आपल्या जुन्या वाटेला लागलेला. तिला हसूच आलं.

पुढे घर वरंब्यासकट विकलं गेलं. निघायच्या दिवशी तिला एकच घोर: परक्यांच्या घरात अण्णा एकटे कसे राहतील? प्रताप गाडी सुरू करत होता, तेवढ्यात ती मागच्या पायरीशी वाकली आणि गवतावर हात ठेवून म्हणाली, "अण्णा, चला आमच्याबरोबर."

सांता क्लाराचं अपार्टमेंट वरच्या मजल्यावर होतं. फरशीखाली माती नव्हती, दुसऱ्या कुणाचं तरी घर होतं. आठव्या दिवशी ती जेवणानंतर भांडी घासत होती. बाहेर अजून ऊन रेंगाळत होतं.

"हे कार्पेट सैल झालंय गं, मॅनेजरला फोन करायला हवा," प्रताप हॉलमधून म्हणाला आणि कार्पेट पायाने दाबून पुन्हा टीव्हीसमोर बसला.

सुलेखाने मागे वळून पाहिलं. दारापासून निघालेला, टेबलाला वळसा घातलेला एक बोटभर उंचवटा कार्पेटखालून हळूहळू पुढे सरकत होता. कार्पेट संपतं तिथे, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तो थांबला.

तिने नळ बंद केला. अर्धी भांडी तशीच ठेवून हात पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"उद्या नको, अण्णा," ती म्हणाली. "आजच येते."