बाण मोठा करा

‘सूचक-परिमाण संवर्धन’ हे शब्द बाईंचे. कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज मराठीत आणायचं काम त्यांच्या ऑफिसकडे होतं आणि इतकी वर्षं बाईंच्या शब्दाला कुणी हात लावला नव्हता. पण आता शेजारच्या टेबलावर एक नवी मुलगी आली होती. दिवसभर चिवचिव करायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिनं बाईंचे शब्द खोडून लिहिलं, ‘बाण मोठा करा’.

“वा! हे कुणालाही कळेल!” साहेब म्हणाले आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हिला कुठं भाषा येते? चार शब्द बोलते काय, सगळे हिच्याभोवती गोळा होतात काय!

“दोन्ही नमुने घरी कुणाला तरी दाखवा. उद्या ठरवू,” साहेब म्हणाले. निकाल आपल्याच बाजूनं सांगायचा, हे बाईंनी वाटेतच ठरवून टाकलं.

घरी सासूबाई होत्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. दूर राहणाऱ्या लेकीला पूर्वी रोज ईमेल लिहायच्या. हल्ली कॉम्प्युटरकडे फिरकतही नव्हत्या. बाईंनी लॅपटॉपवर आपला नमुना उघडला.

“आई, पडद्यावरचा माऊसचा बाण बारीक दिसतो ना? तो मोठा करा बघू.”

सासूबाई पडद्याला नाक लावून वाचू लागल्या. “सूचक-परिमाण... अगं, हेच आपल्या कॉम्प्युटरवरही आहे. मला वाटायचं, औषधाचं नाव असेल!” बरीच खटपट करून त्यांनी माऊस बाजूला सारला. “राहू दे. बाण सापडत नाही, म्हणून तर लेकीला लिहिणं सोडलं मी. माझंच डोकं चालेनासं झालंय.”

बाईंनी दुसरा नमुना उघडला.

“बाण मोठा करा... हा बघ, केला!” टपोरा बाण पडद्यावर फिरू लागला, तशी सासूबाईंची कळी खुलली. “कुणी लिहिलं गं हे? तू?”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं! आपल्याच घरात त्या चिमणीचं कौतुक!

“नाही,” बाई कशाबशा म्हणाल्या. “ऑफिसातल्या एका मुलीनं. ते औषधाचं नाव माझं.”

सासूबाई हसल्या नाहीत. “हे बघ, अख्खा वर्ग एका गणितावर अडला, की पोरांना रागवायच्या आधी मी गणित कसं घातलंय ते बघायची. इथं मी स्वतःलाच दोष देत बसले. अशा आणखी किती जणी असतील?”

एवढं बोलून त्या लेकीला लिहायला बसल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांना म्हणाल्या, “चिमणीचे शब्द घ्या. माझे माझ्याच घरात नापास झाले.” हे सांगणं सोपं नव्हतं. हेवा असा लगेच थोडाच जातो! तरी त्यांनी खुर्ची ओढून चिमणीच्या शेजारी लावली.

“माझ्या ‘द्विटिचकी-वेग’ला काय म्हणशील गं?”

“‘माऊसच्या दोन टिचक्या किती भरभर मारायच्या’ असं चालेल?”

“लांब आहे,” बाई म्हणाल्या, “पण कळतंय!”

मंडळी, समोरच्याला कळलं नाही, की त्याला अडाणी ठरवून आपण मोकळे होतो. त्याआधी आपलं लिहिणं एकदा त्याच्या शेजारी बसून वाचू या. आपल्या भारदस्त शब्दापायी कुणाची तरी आई लेकीशी बोलायची थांबलेली असते.